हळदीच्या वखारीतला तिसरा अंक

तिचं नाव आमच्यापैकी कुणालाच धड म्हणता येईना.
बाहुबली आडमुठे तर दर तालमीला तिचं नवं बारसं करायचा.
शेवटी मिरजेच्या जमादार मॅडमनी खडू घेतला,
काट्यावरच्या पाटीवर भाव पुसून तिथं नाव लिहिलं,
म्हणाल्या, फ्रेंचमध्ये शेवटचं अक्षर
लिहायचं असतं, म्हणायचं नसतं.
मी म्हटलं, म्हणजे सातबाऱ्यावर
इतर हक्कातल्या बहिणीसारखं.
कुणी हसलं नाही.
मॅडम तेवढ्या हसल्या.

दीडशे वर्षांपूर्वीची बाई, पॅरिसची.
नाटक तीन रात्री चाललं.
पहिल्या रात्री शिट्या, दुसऱ्या रात्री खुर्च्या,
तिसऱ्या रात्री अकरा प्रेक्षक, त्यातले दोन पोलीस.
पुस्तकाच्या मागच्या पानावर एवढंच होतं, आणि फोटो:
रुंद कपाळ, शाईनं काळं बोट,
आणि फोटोची सवय नसलेली मान.
तेव्हा तिथला कायदा म्हणायचा,
लग्न झालेल्या बाईची मजुरी नवऱ्याची.
हिनं त्यावर तीन अंक लिहिले.
तिसऱ्यात लेस विणणारी एक बाई
पगाराच्या खिडकीपाशी जाते आणि म्हणते...
ते वाक्य पुढं सांगते.

मी प्रॉम्प्टर.
दिवसा याच वखारीत हजेरी लिहायची,
रात्री पोती भिंतीला लावून तालीम.
आमच्या पॅरिसवर सगळीकडं हळद.
न्यायाधीश निकाल देताना शिंकायचा,
आणि पांढरे हातमोजे
दुसऱ्याच दिवशी लग्नघरातले झाले.

राज्य नाट्य स्पर्धा, सांगली केंद्र, रात्री आठ.
वैजयंती चौगुले खिडकीपाशी गेली
आणि गप्प झाली.
बँकेत रोज शंभर माणसांना पैसे मोजून देणारी बाई,
तोंड उघडं, शब्द नाही.
मी विंगेतून कुजबुजले.
परत कुजबुजले.
तिसऱ्यांदा माझाच आवाज निघाला,
शेतात लांबच्या माणसाला हाक मारताना निघतो तसा:
माझी मजुरी माझ्या हातावर ठेवा.

पंख्यांची घरघर ऐकू येत होती.
परीक्षकांनी लिहिलं, प्रॉम्प्टर ऐकू येते.
उत्तेजनार्थसुद्धा नाही.

मिरजेच्या शेवटच्या गाडीची वाट बघताना
मॅडम म्हणाल्या, त्या दिवशी अर्धंच सांगितलं.
त्या भाषेत शब्द बाईचा करायला
शेवटी एक अक्षर लावतात.
ते स्वतः मुकंच असतं,
पण ते आलं की त्याच्या आधीचं,
इतका वेळ गप्प बसलेलं, बोलायला लागतं.
मी काही म्हटलं नाही.
गाडी आली, त्या चढल्या.

शनिवारी पगार.
बायाक्का हळकुंडं निवडते,
फुकटच्या पासावर नाटकाला आली होती,
शेवटच्या रांगेत झोपली होती असं मला वाटलेलं.
माझ्या वहीत अकरा वर्षं
तिचं नाव, तिचे दिवस, तिची रक्कम,
आणि सहीच्या चौकटीत त्याचा अंगठा.
तो एम-एटीवर यायचा, गाडी बंद न करता हात पुढं करायचा.
मी ठेवायचे.
मीच ठेवायचे.

त्या शनिवारी गाडीचा आवाज फाटकात यायच्या आधी
गजांमधून एक हात आत आला.
पदराला पुसलेला, तरी रेघारेघांत पिवळा.
ती काही बोलली नाही.
मीही, सवयीनं, कुजबुजलेसुद्धा नाही.
नोटा ठेवल्या.
तिनं थुंकी लावून एक एक मोजली.
अकरा वर्षांत मला ठाऊकच नव्हतं
की तिला मोजता येतं.
बाहेर एम-एटी येऊन उभी, चालूच.

एक नोट कमी आहे, बायाक्का म्हणाली.

खरंच होती.